मामाच्या खालच्या वीस गुंठ्यातला ऊस पाण्यात उभं राहून का वाळला

मागच्या वर्षी एप्रिलात मामाचा फोन आला, "मास्तरीणबाई, सुट्टीला येणारच हायस न्हवं, तर जरा लवकर ये, उसाला काय झालंय ते कळंना." मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते म्हणून मामाला वाटतं मला झाडाझुडपातलं सगळंच कळतं. खरं सांगायचं तर पेशीपटल हा धडा मी दरवर्षी फळ्यावर दोन थर काढून, त्यात चार गोळे बसवून, पाच मार्कांचा प्रश्न म्हणून उरकते. त्या धड्यातलं सगळंच्या सगळं मला मामाच्या रानात उभं असलेलं दिसलं म्हणून हे नीट लिहून ठेवतेय.

गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेपासून दीड-दोन किलोमीटरवर. रान दोन एकर, काळंभोर, वरून खाली थोडा उतार आणि खालच्या कोपऱ्याच्या पलीकडं ओढा. को ८६०३२ जातीचा ऊस, अडसाली, जुलैची लागण, म्हणजे मी गेले तेव्हा ऊस नऊ महिन्यांचा. वरचा दीड एकर बघितला तर नजर लागावी असा, आणि खालचे वीस गुंठे बघवत नव्हते. कांड्या आखूड, रंग पिवळट, खालच्या पानांची टोकं जळाल्यासारखी तपकिरी, आणि दुपारी बारा-एकला पानं अशी गुंडाळायची की वाटावं महिनाभर पाणी नाही. गंमत म्हणजे सरीत पाणी होतं. चप्पल रुतत होती चिखलात!

मामाने तोवर काय केलं होतं ते ऐका. पानं गुंडाळली म्हणून पाण्याची एक पाळी जास्त दिली. पिवळा पडला म्हणून युरिया टाकला. तरी पिवळाच, म्हणून अजून युरिया. मग कुणीतरी सांगितलं जमीन चोपण, म्हणजे सोडियम चिकटून घट्ट, झालीय, म्हणून चार पोती जिप्सम विस्कटलं. मामी म्हणाली, "पोराच्या फीपेक्षा जास्त त्या कोपऱ्यात घातल्यात." मामाकडं माती तपासणीचा एक जुना कागदही होता, त्यावर ईसी म्हणजे क्षारता २.३ लिहिलेली, आणि दुकानदार म्हणाला होता की एवढ्याने काय होत नाही.

तो कागद बघून मी पण आधी फसले. मातीत अडीच पट पाणी घालून ईसी काढला तर आकडा कमी येतो कारण मीठ पातळ होतं, आणि पिकाला किती क्षार चालतो याचे जे आकडे पुस्तकात असतात ते मातीचा संपृक्त चिखल करून त्यातून काढलेल्या पाण्याचे असतात. दोन्ही आकडे एकाच तराजूत टाकायचे नसतात. म्हणून आम्ही परत नमुने काढले, खालच्या कोपऱ्याचा वेगळा, वरचा वेगळा, आणि संपृक्त पद्धतीनेच करा म्हणून सांगून आलो. खालच्या कोपऱ्याचा ईसी आला ८, पीएच ८.३, आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण म्हणजे ईएसपी ११. वरच्या रानाचा ईसी १.१. उसाला साधारण १.७ पर्यंत काही होत नाही, त्यापुढं दर एका युनिटमागं उत्पन्न जवळपास ६ टक्क्यांनी घसरतं असं धरतात. हिशोब केला तर नुसत्या मिठाने ३७-३८ टक्के गेलेच. पण तो ऊस बघून नुकसान त्याच्याहून जास्त दिसत होतं, म्हणजे अजून काहीतरी होतं.

आता माझी पंचाईत ही की मामाला सांगायचं कसं. मी म्हणलं, "मामा, ऊस तहानलाय." मामा माझ्याकडं असा बघायला लागला की या पोरीला पगार कोण देतंय. "आगं चिखलात हुबा हाय त्यो!"

मग स्वयंपाकघरात गेले आणि बटाट्याच्या बोटाएवढ्या लांब फोडी केल्या. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात दोन चमचे मीठ घातलेलं पाणी. दोन तासांनी साध्या पाण्यातली फोड ताठ, वाकवली तर काड्कन मोडली. मिठातली लुळी, बोटाभोवती गुंडाळता येईल अशी. मामी चहा गाळता गाळता म्हणाली, "ह्यात काय नवल, कोशिंबिरीला मीठ आधी घातलं की काकडी पाणी सोडतीच की." बरोबर. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडं आहे पण त्या दिवशी वर्ग मामीने घेतला.

काकडीचं पाणी का सुटतं ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. प्रत्येक पेशीभोवती चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर असतो, जाडी ७-८ नॅनोमीटर, म्हणजे असे लाखभर थर एकावर एक ठेवले तरी एक मिलिमीटर होत नाही. या थरातून पाणी थोडंफार जातं, ऑक्सिजन सहज जातो, पण मिठातला सोडियम आणि क्लोराइड जात नाही, कारण त्यांच्यावर विद्युतभार असतो आणि चरबीत भारवाला कण विरघळत नाही. मग बाहेर मीठ जास्त झालं की मीठ आत येऊन बरोबरी होऊ शकत नाही, त्याऐवजी पाणीच बाहेर जातं. हेच परासरण, ज्याला मुलं ऑस्मोसिस म्हणून पाठ करतात आणि पाणी कुठून कुठं जातं ते परीक्षेत हमखास उलटं लिहितात. पाण्याला उतार लागतो, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. मीठ कमी तिकडं वरची बाजू, मीठ जास्त तिकडं खालची.

पाण्यासाठी या थरात वेगळ्या मोऱ्याही असतात, अॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. तांबड्या रक्तपेशीत सापडलेलं असं एक प्रथिन म्हणजे पाण्याची मोरी आहे हे पीटर अॅग्री यांनी १९९२ साली दाखवलं आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. एका मोरीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, तेही एका ओळीत, आणि मीठ तर सोडाच पण साधा हायड्रोजनचा भारही त्यातून सरकत नाही. उसाच्या मुळात अशा मोऱ्या भरपूर असतात. पण मोरी म्हणजे मोटर न्हवं. मोरीतून पाणी उताराने जाणार, चढ असला तर मोरी कितीही मोठी करा, काही उपयोग नाही.

आणि मामाच्या कोपऱ्यात चढ केवढा होता? ईसी ८ म्हणजे त्या पाण्याचा परासरणी दाब साधारण ३ बार. १ बार म्हणजे अंदाजे १० मीटर पाण्याचा उभा स्तंभ. म्हणजे मुळाला चिकटून असलेलं पाणी उसाच्या हिशोबाने ३० मीटर खाली, शंभर फूट खोल विहिरीत. हे सांगितल्यावर मामा गप्प झाला, कारण शंभर फुटावरून पाणी ओढायचं म्हणजे किती हॉर्सपॉवर लागते ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. वर परत जमीन वाळत गेली की पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं, म्हणजे विहीर अजून खोल.

"मग मेला कसा न्हाई त्यो?" मामाचा प्रश्न एकदम रास्त होता. ऊस काही बटाट्याची फोड नाही, तो हातपाय हलवतो. बाहेर मीठ वाढलं की पेशी आत साखर, पोटॅशियम, प्रोलीन असलं काहीतरी साठवून आतला उतार परत तयार करते. फुकट होत नाही ते, जी साखर कांडीत जायची ती नुसतं पाणी ओढण्यात खर्ची पडते, आणि कांड्या आखूड राहतात. मामाच्या भाषेत, डिझेलमध्येच नफा गेला.

इथवर गोष्ट सोपी होती. पण मिठाची दुसरी भानगड जास्त वाईट आहे आणि माझ्या मते शेतकऱ्याला कुणी ती सांगतच नाही.

मुळाच्या पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा १२० ते २०० मिलिव्होल्टने ऋण असते. सोडियम धन भाराचा. म्हणजे सोडियमला आत यायला उतारच उतार. चरबीच्या थरातून तो येऊ शकत नाही पण पोटॅशियमसारख्या कणांसाठी जी दारं असतात, त्यातल्या ढिल्या दारांतून तो घुसतो, दोघांचा भार सारखाच म्हणून. आत घुसला की पोटॅशियमची जागा अडवतो, आणि पेशीतली कितीतरी एन्झाइम्स पोटॅशियमवर चालतात. मग झाड त्याला बाहेर हाकलतं. आता हाकलणं म्हणजे चढावर ढकलणं, इथं मात्र मोटर लागते. प्राण्यांच्या पेशीत सोडियम-पोटॅशियम पंप असतो, येन्स स्को यांनी १९५७ साली दाखवलेला, झाडांचं तसं नसतं. झाडं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून हायड्रोजन आयन बाहेर फेकतात, बाहेर त्यांचा साठा झाला की ते आत यायला बघतात, आणि एका फिरत्या दारातून एक हायड्रोजन आत येताना सोडियम बाहेर ढकलला जातो. उरलासुरला सोडियम पेशीतल्या मोठ्या पिशवीत म्हणजे रिक्तिकेत कोंडून ठेवायचा, त्यालाही असंच दार.

हे सगळं कुठं चालतं ते पण बघा. मातीतलं पाणी मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या मधल्या जागेतून बरंच आतपर्यंत कुणालाही न विचारता जातं, पण आतल्या एका थराशी, एंडोडर्मिसशी, पेशींच्या मधली वाट लिग्निनच्या पट्टीने बंद केलेली असते. कॅस्परी यांच्या नावाने ती पट्टी ओळखतात. तिथून पुढं जायचं तर पेशीपटलातूनच जावं लागतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखं आहे हे, गाडी कुणाचीही असू दे, काट्यावर चढल्याशिवाय आत नाही. मामाच्या कोपऱ्यातल्या उसाचा हा काटाच बिघडला होता, कारण खालच्या पानांची टोकं जळणं म्हणजे सोडियम-क्लोराइड काटा चुकवून वर पोचलेत आणि पाणी पानातून उडून गेलं की टोकाला साठून राहिलेत.

मग काटा बिघडला कशाने? मोटर बंद पडली म्हणून. आणि मोटर बंद पडली कारण वीज नव्हती. हे कळलं ते खणल्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे उन्हाच्या आधी पहार आणि खोरं घेऊन दोघं गेलो, खालच्या कोपऱ्यात एक खड्डा, वर एक. वरच्या खड्ड्यात चार फुटापर्यंत पाणी लागलं नाही. खालच्यात दोन फुटावर पाझर सुरू, तासाभरात पाणी दीड फुटावर येऊन थांबलं. उसाचं एक बेट उपटलं तर मुळं काळी, बोटात धरली की साल निघून यायची, आणि सडक्या अंड्याचा वास. पांढरी जिवंत मुळं फक्त वरंब्याच्या वरच्या तीन-चार बोटात, जीव मुठीत धरून वर पळाल्यासारखी.

ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळाला श्वास नाही. हवा असली की एका ग्लुकोजमागं पेशीला तीसच्या आसपास एटीपी मिळतात, हवा नसली की फक्त दोन. एटीपी हीच पंपाची वीज. त्या कोपऱ्यात चोवीस तास लोडशेडिंग होतं म्हणा ना! आणि लोडशेडिंगमध्ये काय होतं ते आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहितीय, मोटर बंद होते पण पाटातलं पाणी उताराने वाहतच राहतं. तसंच सोडियमचं आत येणं चालू कारण त्याला वीज लागत नाही, बाहेर काढणं बंद कारण त्यालाच वीज लागते.

युरिया का लागू पडला नाही तेही इथंच सापडलं. युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं. नायट्रेट ऋण भाराचं, पेशीची आतली बाजू पण ऋण, म्हणजे नायट्रेटला आत यायला चढच. ते हायड्रोजन आयनांच्या खांद्यावर बसून आत येतं, आणि ते आयन बाहेर फेकायला परत तीच वीज. सरीत खत आहे, मुळाला घेता येत नाही. वर हवा नसलेल्या मातीत बॅक्टेरिया नायट्रेटचा वायू करून उडवून टाकतात ते वेगळंच. मामाचा युरिया हवेत गेला, शब्दशः.

आणि शेवटची गोष्ट, जी मला स्वतःला शोधाशोध करताना सापडली आणि जाम आवडली. मुळाला हवा नाही मिळाली की पेशीतला रस आम्लधर्मी होतो आणि त्याने पाण्याच्या मोऱ्या, त्याच अॅक्वापोरिन, बंद होतात. हे पण २००३ सालीच दाखवलं गेलं, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडाच्या मुळांवर. म्हणजे पाणी मिठाचं नसतं तरी साचलेल्या पाण्यात पानं मलूल पडलीच असती. दुपारी पान गुंडाळतंय म्हणून मामाने जी जादा पाळी दिली, तिने खालचं पाणी अजून वर आणलं, हवा अजून कमी झाली, मोऱ्या अजून बंद झाल्या, पान अजून गुंडाळलं. मग मामाने अजून एक पाळी दिली.

हे सगळं मी वरंब्यावर बसून एका दमात सांगितलं. मामा बराच वेळ काळी मुळं हातात घेऊन बसला आणि म्हणाला, "म्हंजे मीच बुडवला म्हण की." मी म्हणलं तसं नाही, मीठ काही तुम्ही टाकलेलं नाही. पण अर्धं खोटं बोलले. नदीचं पाणी गोडं असलं तरी त्यात थोडे क्षार असतातच, वर्षानुवर्षं पाटाने भरपूर पाणी दिलं की भूजल वर येतं, काळ्या मातीतून ते केसासारख्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, वर येऊन पाणी उडतं आणि मीठ तेवढं मागं राहतं. फेब्रुवारी-मार्चात बांधाकडेला पांढरं फुटतं ते हेच. एकट्या मामाने नाही केलं, वरच्या सगळ्यांचं जादा पाणी पाझरून खालच्याच्या रानात येतं, कृष्णाकाठच्या गावागावात हे भांडण आहे.

चार पोती जिप्समचं काय ते सांगायचं राहिलं. जिप्समचं काम कॅल्शियम देऊन मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवणं. ते चोपण जमिनीत लागतं, जिथं ईएसपी १५ च्या वर असतो. इथं ११ होता, म्हणजे जमीन क्षारयुक्त होती पण चोपण नव्हती, हिला आधी निचरा आणि मग गोड्या पाण्याने धुवून काढणं हवं होतं. कॅल्शियम पेशीपटलाला मजबुती देतो, तेवढा थोडा फायदा झालाही असेल, पण निचरा नसताना सुटलेला सोडियम जाणार कुठं, तिथंच फिरत बसणार. उलट, ईएसपी जास्त असता आणि आम्ही जिप्सम न टाकता नुसतं धुतलं असतं तर जमीन खरंच चोपण होऊन बसली असती. म्हणून कागद आधी, पोतं नंतर. दुकानदाराला हे पटत नाही हा भाग वेगळा.

त्या उसासाठी मे महिन्यात दोनच गोष्टी केल्या. खालच्या कोपऱ्यात पाटपाणी पूर्ण बंद, आणि ओढ्यापर्यंत चार फूट खोल उघडा चर. चर शेजाऱ्याच्या बांधाकडेनं न्यायला लागणार होता, त्याने आधी नाही म्हणलं, मग मामी त्याच्या बायकोशी काय बोलून आली ते काही मला कळलं नाही. पावसाळ्यात चरातून पाणी वाहिलं आणि ऑगस्टमध्ये वरंब्याच्या बाजूने नवी पांढरी मुळं बऱ्यापैकी खाली गेलेली दिसली. शेंड्याकडची नवी पानं हिरवी आली. जुनी कांडी मात्र आखूड ती आखूडच. डिसेंबरात तोड आली तेव्हा खालच्या वीस गुंठ्यातून नऊ टन निघाला, म्हणजे एकरी अठरा, आणि वरच्या रानाला एकरी बावन्न पडला. तो ऊस वाचला असं मी म्हणणार नाही.

खालचा खोडवा ठेवलाच नाही. यंदा मार्चमध्ये भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकले, छिद्रं असलेले, वर जाळीचं कापड गुंडाळलेले, साडेतीन-चार फुटावर, आणि तोंड ओढ्यात. खर्चाचा आकडा मामाने मला सांगितलेला नाही. मामीला माहितीय पण ती पण बोलत नाही, यावरून काय ते समजा.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी गेले होते. पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. कॉलेजातलं ईसीचं छोटं मीटर मुद्दाम मागून नेलं होतं, पण ते पिशवीतून काढेपर्यंत मामाने ओंजळ धरून चूळ भरली आणि पचकन थुंकला. "मीठच हाय की गं ह्ये!" मीटरवर ६.२ आलं. मामाने त्या पाण्याची एक बाटली भरून घरी आणली आणि खिडकीत ठेवली, आता दर आठ-दहा दिवसांनी नवीन बाटली भरतो, चव घेतो आणि जुनीच्या शेजारी ठेवतो. मामी म्हणते खिडकी उघडता येईना.

त्या वीस गुंठ्यात सध्या हिरवळीच्या खताचा ढैंचा हाय, कमरेएवढा आलाय. ऊस परत कधी लावायचा म्हणून मामाने विचारलं तर मी म्हणलं, परत माती तपासल्याशिवाय नाही, आणि तपासताना कोणत्या पद्धतीने ते विचारून या. आता त्याने दुसराच प्रश्न काढलाय, शेजारच्या रानात बीट लावलंय ते ह्याच क्षारात एवढं बरं कसं येतंय. बीटाची रिक्तिका सोडियम जास्त कोंडू शकते हे मला माहितीय, पण ते सांगायचं तर परत बटाटे कापावे लागणार.